टूथपेस्ट बाजूला ठेवा, भिंग घ्या

वाचकाचं पत्र:

"आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. शेजारच्या अमेरिकन आजी घर विकून वृद्धनिवासात राहायला गेल्या. जाताना त्यांनी आपल्या यजमानांचा नाण्यांचा पत्र्याचा डबा आमच्या बारा वर्षांच्या मुलाच्या हातात ठेवला. त्यात चांदीचे दोन मोठे डॉलर आहेत, एक १८८९ चा आणि एक १९२१ चा. १९६४ च्या आधीचे १४ क्वार्टर (पाव डॉलर) आणि २० डाइम (दहा सेंट) आहेत. त्यातल्या एका डाइमवर १९१६ आहे आणि मागे एक बारीक अक्षर आहे, ते डी की एस हे कळत नाही. गव्हाच्या ओंब्यांच्या मूठभर पेनी (एक सेंट) आहेत आणि साल पुसलेली काही निकेल (पाच सेंट) आहेत. एक पेनी १९४३ ची, तांब्याच्या रंगाची आहे. अशी पेनी लाखो डॉलरची असते असं एका व्हिडिओत पाहिलं. लेकाने १९२१ चा डॉलर टूथपेस्टने घासून चकचकीत केला. एका दुकानदाराने सगळ्या डब्याचे ९० डॉलर सांगितले, आणि हे म्हणतात देऊन टाक. शिवाय ह्यांनी स्वतः फ्ली मार्केटमधून १८७५ चा ट्रेड डॉलर ४० डॉलरला आणलाय. साधं काय आणि दुर्मिळ काय, हे ओळखायचं कसं? आणि काही मोठं निघालं, तर आजींना सांगायला हवं का?"

– एक आई, ओहायो

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी एक काम करा. लेकाला जवळ बसवून प्रेमाने सांगा की यापुढे कुठल्याही नाण्याला टूथपेस्ट, बेकिंग सोडा, चिंच, लिंबू, रांगोळी यातलं काहीही लावायचं नाही. त्याच्यावर रागावू नका. आपल्या घरात चांदी काळी पडली की घासायची, हेच त्याने लहानपणापासून पाहिलंय. पण देवघरातलं निरांजन आणि जुनं नाणं यांचा न्याय वेगळा आहे. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते. ती नाण्यावर केसाएवढ्या असंख्य रेघा पाडते. दिव्याखाली तिरपं धरलं की त्या दिसतात, आणि एकदा पडल्या की कायमच्या. नाण्याची तपासणी करून ग्रेड देणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला स्वच्छ ग्रेड देत नाहीत. 'डिटेल्स, क्लीन्ड' असा शेरा मारतात आणि किंमत तिथेच घसरते. काळपट थर म्हणजे मळ नाही. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला तो रंग जाणकाराला हवाच असतो.

सुदैवाने लेकाने घासला तो १९२१ चा डॉलर. डब्यातलं जे नाणं घासल्याने सगळ्यात कमी नुकसान व्हावं, नेमकं तेच त्याच्या हाती लागलं. ते कसं, हे सांगताना तुमच्या मुख्य प्रश्नाचंही उत्तर येईल.

जुनं असणं, दुर्मिळ असणं आणि चांगल्या अवस्थेत असणं हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिन्ही सुटले असं धरून चालतात. शंभर वर्षांचं नाणं म्हणजे महागडं नाणं, असं काही नसतं. तुमचे दोन्ही डॉलर बहुधा मॉर्गन डॉलर आहेत. जॉर्ज मॉर्गन या कोरीवकाराच्या नावावरून हे नाव पडलं. ही नाणी १८७८ ते १९०४ पर्यंत निघाली, मग थांबली, आणि १९२१ मध्ये पुन्हा निघाली. मधे १७ वर्षं खंड पडूनही ती पुन्हा का काढावी लागली, या गोष्टीत आपला हिंदुस्थान येतो.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीचा तुटवडा झाला. लोक नोटा घेऊन चांदीचे रुपये मागायला लागले आणि सरकारकडे चांदी पुरेना. एक रुपयाची नोट १९१७ मध्ये निघाली आणि पाठोपाठ अडीच रुपयांची, ती याच ओढाताणीत. तेव्हा अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि खजिन्यात पडून असलेले चांदीचे २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी. आपल्या पणजोबांच्या कनवटीला पंचम जॉर्जचा जो रुपया होता, त्यात कदाचित एखादा मॉर्गन डॉलर मुरलेला असेल. त्याच कायद्यात वितळवलेल्या नाण्यांची भरपाई करायची अट होती. म्हणून १९२१ मध्ये टांकसाळी पुन्हा धडधडू लागल्या आणि एकट्या फिलाडेल्फियाने त्या वर्षी ४ कोटी ४६ लाख ९० हजार मॉर्गन डॉलर पाडले. तुमच्या लेकाच्या हातातला डॉलर त्या लाटेतला आहे. मॉर्गनमधलं हे सर्वांत सहज मिळणारं वर्ष. तो घासलेला डॉलर त्याला ठेवू द्या. चांदीची किंमत त्यात आहेच, आणि ही गोष्ट त्याला सांगितलीत तर तो डॉलर त्याला अधिकच प्यारा होईल.

या वितळवण्यामुळेच मॉर्गनमधली दुर्मिळता ओळखायला अवघड झाली. किती पाडली, हा आकडा छापील मिळतो. किती उरली, हा खरा प्रश्न. १९०३ साली न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीने ४४ लाख ५० हजार डॉलर पाडले. आकडा मोठा, पण नाणं दिसेचना. सगळे वितळवले गेले असावेत, असा समज होता. १९६० च्या सुमारास हा न वापरलेला डॉलर मॉर्गनमधल्या सर्वांत महागड्यांपैकी एक होता. मग १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून हजार-हजार डॉलरच्या सीलबंद पिशव्या बाहेर आल्या, आणि काहींत नेमका हाच डॉलर निघाला. भाव एका रात्रीत कोसळला. उलट बाजूने पाहायचं तर कार्सन सिटीच्या टांकसाळीचा १८८४ चा डॉलर घ्या. पाडला जेमतेम साडेअकरा लाखांच्या आत, पण त्यातले साडेनऊ लाखांहून जास्त तिजोरीतच राहिले आणि १९७० च्या दशकात सरकारने ते विकले. त्यामुळे तो आज कोरा करकरीत सहज मिळतो. तेव्हा कुणी 'फक्त इतकीच पाडली होती' असं सांगून भाव वाढवायला लागला, तर 'उरली किती?' असं विचारा.

आता टांकसाळीची खूण. मॉर्गनच्या मागच्या बाजूला, गरुडाखालच्या पानांच्या वेढ्याच्या खाली, 'डॉलर' या शब्दाच्या वरती पाहा. तिथे काही नसेल तर फिलाडेल्फिया, ओ असेल तर न्यू ऑर्लिन्स, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, सीसी म्हणजे कार्सन सिटी, आणि डी म्हणजे डेन्व्हर, पण जुन्या मॉर्गनमध्ये डी फक्त १९२१ च्या डॉलरवर. हे एक अक्षर सगळं उलटवतं. तुमच्या १८८९ च्या डॉलरवर काही नसेल किंवा ओ असेल तर तो साधा. सीसी निघाला तर ताई, खुर्चीत नीट बसा. कार्सन सिटीने त्या वर्षी साडेतीन लाखच पाडले आणि आज ते थोडे उरलेत, झिजलेलाही महाग जातो. म्हणूनच साध्या डॉलरवर सीसी चिकटवणारे लोकही आहेत, हे लक्षात असू द्या.

अवस्था बघायला शिकायचं तर लेकाला दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन द्या आणि टेबलावर एकच दिवा ठेवा. १८८९ चा डॉलर कडेने दोन बोटांत धरायला सांगा, मधे बोट लागता कामा नये. आधी पुढच्या बाजूच्या स्वातंत्र्यदेवीच्या कानावरचे केस बघा, मग मागच्या गरुडाची छाती. नाणं वापरात आलं की सर्वांत आधी झिजतात त्या याच दोन जागा. कानावरच्या बटा एकजीव होऊन सपाट झाल्या असतील तर नाण्याने बरेच हात पाहिलेत. बटा वेगवेगळ्या मोजता येत असतील तर झीज बेताची. आणि सगळं कोरीव शाबूत दिसतंय, फक्त उंचवट्यांच्या टोकांवर रंग किंचित मंद झालाय, तर नाणं जवळजवळ न वापरलेलं आहे. पण न्यू ऑर्लिन्सच्या बाबतीत एक मेख आहे. तिथले डॉलर अनेकदा पाडतानाच अर्धवट दाबले जायचे, म्हणून कानावरचा भाग कोऱ्या नाण्यावरही सपाट दिसतो. मग झीज आणि कमजोर छाप यात फरक कसा करायचा? नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात आणि सपाट भागावरूनही न तुटता सरकतात. झिजलेल्या जागी मात्र तो पट्टा विझतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही, आणि टूथपेस्टने नेमकं हेच मारलं जातं. लेकाला दोन्ही डॉलर शेजारी-शेजारी धरून बघू द्या, त्याचं त्याला कळेल.

ग्रेडचे आकडे तुम्हाला इंटरनेटवर दिसतील ते १ ते ७० पर्यंतचे. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ही मोजणी जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. मूळ कल्पना अशी की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. तो हिशेब कधीच कोलमडला, पण आकडे राहिले. आज ६० च्या खालचे आकडे वापरलेल्या नाण्यांचे आणि ६० व त्यापुढचे, 'एमएस' (मिंट स्टेट) लावलेले, न वापरलेल्यांचे. एमएस-६३ आणि एमएस-६५ यांत फरक गालावरच्या दोन-चार खरचट्यांचा. ते खरचटे पिशव्यांत नाणी एकमेकांवर आदळून पडलेले. एवढ्या फरकाने काही नाण्यांची किंमत कित्येक पटींनी बदलते. या पातळीवरची पारख एका महिन्यात येत नाही. म्हणून महागडं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या दोन कंपन्यांनी ग्रेड देऊन सीलबंद केलेलं असेल तरच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या नाण्याला मात्र तिथे पाठवू नका. तपासणीचा आणि टपालाचा खर्च नाण्याच्या किमतीहून जास्त होतो.

आता डाइम. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त उत्सुकता वाटली ती याच ओळीची, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. १९१६ मध्ये दोन वेगळ्या नक्षीचे डाइम निघाले, जुने बार्बर आणि नवे मर्क्युरी. तुमच्या डाइमवरच्या देवीच्या टोपीला पंख आहेत का, ते आधी बघा. पंख असतील तर तो मर्क्युरी, आणि मागच्या बाजूला, खाली, 'वन' शब्दातल्या शेवटच्या ई च्या शेजारी ते बारीक अक्षर असेल. एस असेल तर एक कोटीहून जास्त पाडलेला साधा डाइम. डी असेल तर डेन्व्हरने त्या वर्षी फक्त २ लाख ६४ हजार पाडले, आणि मर्क्युरी डाइमच्या संग्रहात सर्वांना हवं असणारं नाणं ते हेच. अगदी गुळगुळीत झालेलाही शेकडो डॉलरला जातो. म्हणूनच फिलाडेल्फियाच्या डाइमवर डी चिकटवण्याचा धंदाही जुना आहे. भिंगातून त्या अक्षराच्या बुडाशी बघा. खरं अक्षर नाण्याच्या पृष्ठभागातूनच वर उगवलेलं असतं. चिकटवलेल्याच्या भोवती बारीक रेघ किंवा रंगाचा फरक दिसतो. खऱ्या नाण्यांवर डी चार ठरावीक जागीच आढळतो, कारण त्या वर्षी मागच्या बाजूचे चारच साचे वापरल्याचं अभ्यासकांनी शोधून काढलंय. त्या चार जागांचे फोटो पीसीजीएसच्या साइटवर ताडून बघता येतात. तुम्हाला डी वाटला तर इथे मात्र तपासणीचा खर्च जरूर करा.

१९४३ च्या पेनीसाठी घरातला फ्रिजचा चुंबक पुरे. त्या वर्षी तांबं युद्धासाठी राखून ठेवलं होतं, म्हणून पेनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या निघाल्या. चुकून जुन्या तांब्याच्या चकत्यांवर पाडल्या गेलेल्या मोजक्याच आहेत, आणि व्हिडिओवाले त्यांचंच भांडवल करतात. तुमची पेनी चुंबकाला चिकटली तर ती पोलादी पेनीच आहे, वरून तांब्याचा मुलामा दिलेली. नाही चिकटली तर साल नीट बघा. बऱ्याचदा १९४८ च्या पेनीतला ८ तासून ३ केलेला असतो. खऱ्या १९४३ चा ३ लांब शेपटीचा, ओळीच्या खाली उतरणारा असतो, आणि तासलेल्या ८ ला तशी शेपटी आणता येत नाही. दागिने तोलायचा छोटा काटा असेल तर वजनही सांगेल, तांब्याची ३.११ ग्रॅम, पोलादाची २.७. यातून पार झाली तरच पुढचं बोलू. बाकीच्या गव्हाच्या पेनी बहुधा किरकोळ आहेत. १९०९ च्या असतील तर मात्र पुढे सालाखाली एस आहे का आणि मागे अगदी खाली व्हीडीबी ही तीन अक्षरं आहेत का, एवढं बघून ठेवा. साल पुसलेली निकेल लेकाला हाताळायला द्या, पण ॲसिड लावून साल वर काढण्याच्या नादी लागू देऊ नका. साल दिसतं, नाणं मरतं.

तुमच्या ह्यांच्या ट्रेड डॉलरबद्दल मला काळजी वाटते. ४० डॉलरला खरा ट्रेड डॉलर फ्ली मार्केटमध्ये मिळणं जवळपास अशक्य. चीनशी व्यापारासाठी काढलेलं हे नाणं, आणि आज चीनमध्येच त्याच्या नकला पोत्यांनी तयार होतात. भारतातल्या जुन्या बाजारांतही त्या ढिगाने दिसतात. नाण्यावरच लिहिलेलं असतं, ४२० ग्रेन, म्हणजे २७.२२ ग्रॅम. काट्यावर ठेवा. दोन-तीन ग्रॅम कमी भरला किंवा चुंबकाला ओढला, तर विषय संपला. वजन बरोबर आलं तरी कड बघा. मधोमध जोड दिसतो का, अक्षरं साबणावर कोरल्यासारखी बोथट आहेत का, पृष्ठभागावर बारीक खळगे आहेत का. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर 'कॉपी' असं कोरणं बंधनकारक आहे, पण फसवणारा तो शब्द कोरेल कशाला? चिनी व्यापाऱ्यांनी ठोकलेले शिक्के दिसले म्हणून खरा मानू नका, नकलेवर तेही ठोकतात. विक्रेता पुन्हा भेटला तर पैसे परत मागा.

दुकानदाराच्या ९० डॉलरचा हिशेब तुम्ही स्वतःच करा. एका मॉर्गनमध्ये ०.७७ ट्रॉय औंस (सोन्या-चांदीचं वजन ज्यात मोजतात तो औंस) शुद्ध चांदी असते, १९६४ पर्यंतच्या क्वार्टरमध्ये ०.१८ आणि डाइममध्ये ०.०७. तुमचे दोन डॉलर, १४ क्वार्टर आणि २० डाइम मिळून साधारण साडेपाच औंस होतात, झिजेमुळे किंचित कमी. आजचा चांदीचा भाव बघा, साडेपाचने गुणा. दुकानदाराला भाडं भरायचं असतं, तो त्यातून थोडे टक्के कापणार, त्यात गैर काही नाही. पण त्याने सांगितलेली रक्कम नुसत्या चांदीच्या भावाच्याही खूप खाली असेल तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढा. आणि तुमच्या ह्यांना सांगा, १९१६ चा डाइम नीट पाहिल्याशिवाय डबा कुणालाही द्यायचा नाही.

ठेवण्याचं थोडक्यात. डब्यात मऊ प्लॅस्टिकची पाकिटं असतील आणि नाण्यांवर हिरवट चिकटा आला असेल, तर तो त्या पाकिटांतल्या पीव्हीसीमुळे आलेला आहे. नाणी लगेच बाहेर काढा. मायलार या निर्धोक प्लॅस्टिकची पारदर्शक खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, त्या वापरा. तळघरात ठेवू नका, ओल लागते.

आजींबद्दलचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण मला वाटतं तो तुमच्या मनात सर्वांत आधी आला असणार. कायद्याने भेट ती भेट, डबा तुमच्या लेकाचा. तरीही काही मोठं निघालं तर आजींना भेटून सांगा. यजमानांनी डब्यात काय जपून ठेवलं होतं, हे कदाचित त्यांनाही माहीत नसेल, आणि नातवंडं असतील तर पुढे मनात किंतू राहायला नको. बऱ्याचदा अशा आजी म्हणतात, ठेवा तुम्हीच. पण ते त्यांनी म्हणायला हवं, आपण धरून चालायचं नाही. शिवाय यजमान नाणी कुठून आणायचे, बँकेतून, गल्ल्यातून की कुणाकडून विकत, हेही त्यांना विचारा. लेकालाच विचारू द्या. संग्राहकासाठी ती माहिती मोलाची असते.

लेकाला सगळंच गोळा करू देऊ नका. मर्क्युरी डाइम ही एकच मालिका निवडू द्या. १९१६ ते १९४५ पर्यंतची ही नाणी छोटी, देखणी आणि बहुतेक स्वस्त आहेत, आणि डब्यात त्याची सुरुवात झालेलीच आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचं मुलांसाठी वेगळं सभासदत्व आहे आणि त्यांच्या ग्रंथालयातून सभासदांना पुस्तकं टपालाने वाचायला मिळतात. जवळपासचा नाण्यांचा मेळा शोधून त्याला घेऊन जा. म्हातारे विक्रेते बारा वर्षांच्या मुलाला भिंगातून नाणी दाखवायला फार आनंदाने थांबतात, आणि शंभर खरी नाणी हाताळलेल्याला नकली नाणं हातात घेताच खटकतं.

डाइमचे फोटो मला पाठवा. फ्लॅश बंद ठेवा, दिवा एका बाजूने येऊ द्या, कॅमेरा नाण्याच्या सरळ वर धरा. पुढची बाजू, मागची बाजू, आणि भिंगातून त्या अक्षराचा जवळून एक. ट्रेड डॉलरचा कडेचा फोटो आणि वजनही सोबत असू द्या.